मागच्या चाकाचं तेच बेअरिंग पुन्हा पुन्हा जातंय? नवं घेण्याआधी जुनं उघडून बघा

तक्रार ठरलेली असते. मागच्या डाव्या चाकातून घुंईऽऽ आवाज यायचा, बेअरिंग बदललं, काही महिने गाडी गप्प राहिली आणि पावसाळा सरता सरता तोच आवाज परत. "मेस्त्रीनू, परत तोच आवाज येता हा." मग दुसरं बेअरिंग, या खेपेला दुसऱ्या कंपनीचं. तेही वर्षाच्या आत बोलायला लागतं. इथवर आलं की लोक एकतर कंपनीला शिव्या घालतात, नाहीतर कोकणातल्या खाऱ्या हवेला.

खारी हवा चारही चाकांना सारखीच लागते. बाकीची तीन बेअरिंगं ठणठणीत आणि एकच सारखं जात असेल, तर त्या एका चाकापाशी काहीतरी वेगळं घडतंय. ते शोधल्याशिवाय तिसरं बेअरिंग घालणं म्हणजे तिसऱ्यांदा तेवढेच पैसे घालवणं. आणि शोधायला फार लांब जावं लागत नाही, पुरावा काढलेल्या बेअरिंगमध्येच असतो. तो आपण भंगारात टाकतो, ही खरी अडचण.

आधी आवाज त्याचाच आहे का

टायर आणि बेअरिंग दोघांचा आवाज सारखाच घुमतो. मुंबई-गोवा महामार्गावर ही परीक्षा फुकटात होते. काँक्रीटच्या पट्ट्यावरून गाडी डांबरावर उतरली की टायरचा आवाज लगेच बदलतो, बेअरिंगचा बदलत नाही. तो फक्त वेगाबरोबर चढतो-उतरतो. वेगात असताना अॅक्सिलरेटर कमी-जास्त करून बघा. गाडीचा वेग तोच राहून इंजिनचा सूर बदलला आणि घुमणं मात्र तसंच राहिलं, तर इंजिन संशयातून सुटलं.

बाजू ओळखायला घाटाची वळणं कामाला येतात. उजव्या वळणावर गाडीचा भार डाव्या चाकांवर पडतो. तिथे आवाज वाढला आणि डाव्या वळणावर दबला, तर संशय डाव्या बाजूवर. पण आवाज पत्र्यातून फिरतो. पुढच्या चाकाचा आवाज मागच्या सीटखालून येतोय असं वाटणं नेहमीचं आहे. म्हणून फक्त कानावर विसंबून पार्ट मागवू नका. मागची दोन्ही चाकं उचला, हँडब्रेक सोडा, चाक हाताने गरगर फिरवा आणि दुसऱ्या हाताची बोटं त्याच बाजूच्या कॉइल स्प्रिंगवर टेकवा. खराब बेअरिंगची खरखर स्प्रिंगमधून बोटांना स्पष्ट लागते. चांगल्या बाजूला काहीच लागत नाही. हा फरक एकदा हाताला कळला की पुढे विसरत नाही.

चाक वर-खाली धरून हलवून बघणं ठीक आहे, पण प्ले (ढिलाई) नाही म्हणून बेअरिंग चांगलं असा अर्थ काढू नका. आजच्या दुहेरी रांगेच्या बॉल बेअरिंगला आवाज आधी येतो, प्ले फार उशिरा.

गाडी उचलण्यावरून एक सांगतो, कारण आपल्याकडे सर्रास दिसतं. चाकाला उटी म्हणून जांभ्याचा चिरा लावा, काही हरकत नाही. गाडीखाली आधार म्हणून चिरा ठेवू नका. वरून भक्कम दिसतो आणि जॅक सरकला की भुसभुशीत होऊन दुभंगतो. हँडब्रेक सोडलेला असतो, म्हणून पुढच्या चाकांना दोन्हीकडून उटी आणि मागे लोखंडी घोडी, याला पर्याय नाही.

जुनं बेअरिंग काय सांगतं

मागच्या चाकात साधारण तीन प्रकार येतात. एक, ब्रेक ड्रमच्या किंवा हबच्या (चाक ज्याला लागतं त्या मधल्या भागाच्या) भोकात प्रेसने बसणारं आणि सर्क्लिपने, म्हणजे खाचेत बसणाऱ्या स्प्रिंगसारख्या कडीने, अडकवलेलं बेअरिंग. छोट्या गाड्यांत हेच जास्त. दुसरा, हबसकट येणारं, चार बोल्टांनी लागणारं युनिट. तिसरा, जुन्या गाड्यांतले दोन टेपर रोलर, कॅसल नट आणि कॉटर पिन. वारंवार जाण्याच्या तक्रारी बहुतेक पहिल्या प्रकारात येतात, कारण तिथे बसवणाऱ्याच्या हाताला वाव जास्त.

ड्रम स्टब अॅक्सलवरून (ज्यावर चाक फिरतं त्या आखूड दांड्यावरून) खेचून काढताना कित्येकदा आतल्या रेसचा (गोळ्या जिच्यावर फिरतात त्या पोलादी कडीचा) अर्धा भाग अॅक्सलवरच अडकून राहतो आणि गोळ्या उघड्या पडतात. तसं झालं तर बघायचं काम सोपं. नाहीतर बाहेरची रेस ग्राइंडरने कापा. चष्मा लावून कापा आणि रेसवर हातोडा मारू नका, टणक पोलादाची कपची डोळ्यात जाते. केरोसिनने ग्रीस धुवा आणि रेसचा चकचकीत भाग उन्हात तिरका धरून बघा.

गोळ्यांच्या अंतराने, एकसारख्या, बारीक खळग्यांची रांग दिसली तर बेअरिंग बसवतानाच मेलं होतं. चुकीच्या रेसवर दाब दिला, तो जोर गोळ्यांमधून पलीकडे गेला आणि गोळ्यांनी रेसमध्ये आपले ठसे उमटवले. यात एक फसगत होते. काढतानासुद्धा आपण आतल्या रेसवर ठोकतो, त्यामुळे ताजे ठसेही पडतात. ताजा ठसा चकचकीत असतो, कडा स्वच्छ. जुन्या ठशाच्या कडा गोळ्या फिरून फिरून झिजलेल्या आणि भोवतीचं पोलाद खपली निघाल्यासारखं खडबडीत झालेलं. नखाने चाचपलं तरी फरक कळतो.

खळग्यांऐवजी गोळ्यांच्या अंतराने तांबूस-काळे डाग असतील, तर पाणी आत गेलं आणि गाडी बरेच दिवस जागेवर उभी राहिली. चाकरमान्यांच्या गाड्यांत हे फार दिसतं. मे महिन्यात गावी आणलेली गाडी गणपतीपर्यंत मांगराच्या पडवीत उभी. गोळी जिथे टेकते तिथे ग्रीसचा पापुद्रा दबून पातळ होतो आणि नेमका तिथे गंज धरतो. गणपतीत किल्ली फिरवली की पहिल्याच किलोमीटरला आवाज.

आता बाहेरच्या रेसची बाहेरची बाजू बघा, म्हणजे जी ड्रमच्या भोकात बसते ती. तिथे तपकिरी भुकटी आणि घासल्याच्या चकाकत्या पट्ट्या असतील तर भोक मोठं झालंय. रेस भोकात सरकत होती. माझ्या मते एकाच चाकाचं बेअरिंग सारखं जाण्यामागे हे सर्वांत दुर्लक्षित कारण आहे, कारण दर बदलाला भोक आणखी थोडं झिजतं आणि पुढचं बेअरिंग आधीच्यापेक्षा लवकर जातं.

रेस निळी-तपकिरी झाली असेल, ग्रीस जळून डांबरासारखं झालं असेल, तर उष्णता. तिचं मूळ बेअरिंगमध्ये नसून ब्रेकमध्ये असू शकतं. त्याबद्दल खाली.

आणि रेसवर कपडे धुण्याच्या फळीसारख्या समांतर आडव्या पट्ट्या दिसल्या, तर या गाडीला वेल्डिंग कुठे केलंय ते विचारा. किनाऱ्यावर गाडीचा तळ गंजतो, मागच्या चाकाजवळ पत्रा जोडावा लागतो, आणि वेल्डर अर्थिंगचा चिमटा सोयीचा म्हणून ड्रमला लावतो. मग सगळा करंट बेअरिंगमधून जातो आणि गोळी-रेसच्या स्पर्शाच्या जागी ठिणग्या पडतात. चिमटा वेल्डच्या शेजारी, त्याच पत्र्यावर लावायचा, एवढंच त्याला सांगायला हवं होतं.

बसवताना

नवं बेअरिंग घेताना जुन्यावरचा नंबर न्या. डीएसीने सुरू होणारा नंबर असेल तर त्यातच माप लिहिलेलं असतं. डीएसी २५५२००३७ म्हणजे आतलं भोक २५ मिलिमीटर, बाहेरचा व्यास ५२, रुंदी ३७. मोठ्या कंपन्यांच्या खोक्यांच्या नकला बाजारात आहेत. एसकेएफचं खोकं असेल तर त्यांच्या ऑथेंटिकेट नावाच्या अॅपवरून फोटो पाठवून खातरी करता येते. पन्नास-शंभर रुपये वाचवायला बिनखोक्याचं, कागदात गुंडाळलेलं बेअरिंग घेऊ नका.

जुनं काढल्यावर भोक साफ करा. आधी सर्क्लिपची खाच, तिथे लाल मातीचा आणि गंजाचा थर घट्ट बसलेला असतो आणि त्यामुळे नवी सर्क्लिप पूर्ण उघडत नाही. मग भोकाच्या भिंती बारीक पॉलिश पेपरने, फक्त गंज जाईल इतपत. घासून घासून भोकच मोठं करायचं नाही. बेअरिंग हाताच्या अंगठ्याने आत जात असेल तर थांबा. ते जाता कामा नये, प्रेसच लागला पाहिजे. अशा वेळी भोकाला आतून पंचाचे टोले मारून फुगवटे काढायचे किंवा डब्याच्या पत्र्याची शिम घालायची, ही आपल्याकडची जुनी विद्या आहे. चार दिवस टिकते. फुगवटे बसतात, रेस वाकडी होते आणि परत पहिले पाढे पंचावन्न. लेथवाल्याकडून बोअर गेजने भोक मोजून घ्या. माप गेलं असेल तर ड्रम किंवा हब बदला. महाग वाटतं, पण ड्रम न बदलता घातलेली बेअरिंगं एकत्र धरली की तेवढेच होतात.

प्रेस करताना नियम एकच आहे आणि तो कुठेही मोडत नाही: जी रेस घट्ट बसवायची आहे, त्याच रेसवर दाब. भोकात घालताना बाहेरच्या रेसवर. हब किंवा शाफ्ट आतल्या रेसमध्ये घालताना आतल्या रेसला खालून आधार. जोर गोळ्यांतून जायला नको, बस्स. बाहेरच्या रेसएवढ्या मापाचा ड्रिफ्ट (दाब द्यायचा ठोकळा) नसेल तर जुन्याच बेअरिंगची बाहेरची रेस वापरता येते. तिचा बाहेरचा व्यास ग्राइंडरने किंचित कमी करा आणि एक उभी चीर पाडा, म्हणजे ती भोकात अडकून बसत नाही. हायड्रॉलिक प्रेस नसेल तर जाड बोल्ट, दोन जाड चकत्या आणि नट घेऊन हळूहळू खेचलं तरी उत्तम बसतं. वेळ लागतो. घणाने ठोकून बसवणाऱ्याला वेळ लागत नाही, आणि म्हणूनच तो ठोकतो.

बेअरिंग रात्रभर फ्रीजरमध्ये ठेवून थंड करण्याची युक्ती खूपजण सांगतात. कोरड्या हवेत ठीक. आपल्याकडे, त्यातून जून ते सप्टेंबर, फ्रीजरमधून बाहेर काढताक्षणी त्याच्यावर दव धरतं आणि ते भोकात आपल्याबरोबर पाणी घेऊन बसतं. त्यापेक्षा ड्रम थोडा गरम करा, पाणी टाकलं तर चुर्र होईल साधारण इतपतच. गॅसची ज्योत एका जागी धरून लाल करायचा नाही. प्रेसने तसंही जातंच, तेव्हा हे सगळं टाळलं तरी चालतं.

सीलबंद बेअरिंगची झाकणी उचकटून आणखी ग्रीस भरू नका. आत मोजून भरलेलं असतं, आणि उचकटलेली झाकणी परत तशी बसत नाही.

२०१९ नंतरच्या जवळपास सगळ्या गाड्यांना एबीएस (ब्रेक मारताना चाकं जाम होऊ न देणारी यंत्रणा) आहे. त्यातल्या पुष्कळ बेअरिंगांच्या एका बाजूच्या सीलमध्येच चुंबकी पट्टी असते. दिसायला दोन्ही बाजू सारख्याच, त्यामुळे बेअरिंग उलटं बसतं, एबीएसचा दिवा पेटतो आणि मग काढताना नवं बेअरिंग फुकट जातं. बसवण्याआधी कागदाला लावायची स्टीलची क्लिप दोन्ही बाजूंना टेकवून बघा. जिथे ओढली जाते ती बाजू सेन्सरकडे. त्या बाजूला चुंबकी ट्रे किंवा चुंबक लावलेला स्क्रू ड्रायव्हर नेऊ नका.

आता नट. हा भाग सावकाश वाचा. जुन्या टेपर रोलरमध्ये पद्धत अशी होती की चाक फिरवत नट आवळायचा, मग मागे सैल करायचा, हलका प्ले ठेवायचा आणि कॉटर पिन घालायची. आवळून ठेवला तर बेअरिंग जळायचं. कित्येक जुन्या, चांगल्या मेस्त्रींच्या हातात ती सवय मुरलेली आहे. नवं दुहेरी बेअरिंग याच्या बरोबर उलट चालतं. त्याच्या आतल्या रेसचे दोन तुकडे असतात आणि ते नटानेच एकमेकांवर घट्ट दाबले गेले पाहिजेत. प्ले किती ठेवायचा तो हिशोब त्यात कारखान्यातच घातलेला आहे. तिथे कोणी "जाम नको" म्हणून पाव आटा मागे घेतला की दोन तुकडे सुटे राहतात, गोळ्या डगडगतात, आतली रेस अॅक्सलवर फिरायला लागते आणि अॅक्सलही झिजवते. काढलेल्या रेसच्या आतल्या बाजूला फिरल्याच्या रेघा असतील तर हेच झालंय.

म्हणून गाडीच्या मॅन्युअलमधला टॉर्क (नट किती जोराने आवळायचा तो आकडा) बघा आणि टॉर्क पान्यानेच आवळा. बहुतेक गाड्यांत तो १०० ते २५० न्यूटन मीटरच्या पट्ट्यात असतो, पण प्रत्येक गाडीचा वेगळा, दुसऱ्याच्या आकड्यावर आपली गाडी सोडू नका. पाइप लावून "आता बसला" हा अंदाज एखाद्याचा बरोबर निघतोही, पण दरवेळी नाही. इम्पॅक्ट गन खोलायला वापरा, आवळायला नको. आवळताना ड्रम मधूनमधून फिरवत राहा. पातळ कॉलरला ठोकून लॉक होणारा नट एकदाच वापरायचा असतो. नव्या नटाची किंमत चहा-वड्याइतकी. आणि टॉर्क पूर्ण होईपर्यंत गाडी चाकांवर उतरवू नका, ढकलून सरकवूही नका.

पाणी, टोपी आणि हँडब्रेक

नटावरची पत्र्याची टोपी सगळ्यात स्वस्त भाग आणि सगळ्यात जास्त दुर्लक्षित. काढताना स्क्रू ड्रायव्हरने चेपते, मग ठोकून ठोकून तशीच बसवतात. चेपलेल्या कडेतून पाणी शिरायला केसाएवढी फट पुरते. काही गाड्यांत तर टोपी पडूनच गेलेली असते आणि प्लास्टिकचं व्हील कॅप ते झाकून टाकतं, कोणाला दिसतच नाही. दरवेळी नवी टोपी घाला, कडेला सीलंटचा पातळ हात फिरवा.

पाणी आत जाण्याची रीत लक्षात घेण्यासारखी आहे. आंबा घाट उतरून आलात, ड्रम तापलेला, आतली हवा फुगलेली. तशीच गाडी धुवायला पऱ्यात घातली किंवा भरल्या रस्त्यातून नेली की हब एकदम गार होतो, आतली हवा आकसते आणि सीलच्या ओठाखालून पाणी ओढून घेते. समुद्राकडेला हेच खारट पाण्याने होतं. दापोलीजवळच्या कर्द्याच्या वाळूत गाडी पाण्याच्या कडेने पळवायची हौस याच हिशोबात मोजा. वाळू सीलच्या ओठाला कातरते आणि मीठ राहिलेलं काम करतं. धुवायचीच असेल तर अर्धा तास थांबा. सर्व्हिस सेंटरवर प्रेशर गनचा फवारा हबवर जवळून मारू देऊ नका, त्या दाबापुढे सीलचा टिकाव लागत नाही. पुरात हबपर्यंत पाणी आलेली गाडी असेल, तर आवाज यायची वाट न बघता चारही बेअरिंगं तपासा.

हँडब्रेकचं मघाशी राहिलं. पावसाळ्यात हँडब्रेक ओढून गाडी आठवडाभर उभी ठेवली की ड्रमला गंज धरतो, केबल आवरणात जाम होते आणि सोडल्यावरही ब्रेक शू ड्रमला घासत राहतात. ड्रम तापतो, उष्णता बेअरिंगमध्ये उतरते, ग्रीस पातळ होऊन पाझरतं. नवं बेअरिंग घातलं तरी त्याचीही तीच गत. पंधरा-वीस किलोमीटर चालवून, शक्य तितका कमी ब्रेक मारून, दोन्ही मागच्या ड्रमजवळ हाताची मागची बाजू न्या, टेकवू नका. एका बाजूला स्पष्ट जास्त ऊब लागली तर आधी केबल आणि शू सोडवा, बेअरिंग नंतर. जास्त दिवस उभी ठेवायची गाडी सपाट जागी, गिअरमध्ये, चाकाला उटी लावून ठेवावी, हँडब्रेक न ओढता. आणि घरी कोणी असेल तर आठवड्यातून एकदा थोडी पुढे-मागे करायला सांगा, म्हणजे गोळ्यांची जागा बदलते.

भाराबद्दल फार लिहीत नाही. एप्रिल-मेमध्ये डिकीत आणि मागच्या सीटवर आंब्याच्या पेट्या रचून मुंबई गाठणारे सगळ्यांना माहीत आहेत. चांगलं बेअरिंग ते सोसतं, खळगे पडलेलं सोसत नाही. चाकं बाहेर काढायला लावलेले स्पेसर मात्र आधी काढून टाका, त्यांनी भाराची रेघच बेअरिंगच्या बाहेर सरकते.

भोक मापात आहे, प्रेस बरोबर केलं, नट टॉर्कने आवळला, टोपी नवी, ब्रेक मोकळा, आणि तरीही त्याच बाजूचं परत गेलं, तर स्टब अॅक्सल किंवा मागचा बीम वाकलेला असण्याची शक्यता मोठी. खड्ड्यात जोरात आदळलेल्या किंवा गटारात गेलेल्या गाडीत ते डोळ्यांना दिसत नाही. त्या बाजूचा टायर एकाच कडेने झिजलाय का बघा आणि चारही चाकांचं अलाइनमेंट मोजून घ्या, फक्त पुढच्या दोन चाकांचं नको. बीम असलेल्या बहुतेक गाड्यांत मागचं टो आणि कॅम्बर (चाकांच्या तिरकेपणाचे कोन) जुळवून घेता येत नाही, त्यामुळे आकडा बाहेर असेल तर वाकलेला भाग बदलावाच लागतो. तो बदलेपर्यंत नवं बेअरिंग विकत घेऊ नका.